पदराखालचा सौदा

कोपरच्या ठमाबाई भोईरला वेगाचं वेड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बावन्न लाखांवर जाईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाईचं वय त्रेसष्ट. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर हिरवं लुगडं, बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. डोंबिवली पश्चिमेच्या मासळीबाजारात चाळीस वर्षं बसलेली बाई हळू बोलली असती तर उपाशी मेली असती.

त्या चाळीसांतली चौदा वर्षं तिने स्वतःचा टेम्पो चालवला. पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल उचलायचा आणि बर्फाचं पाणी व्हायच्या आत डोंबिवली गाठायची. मासळीला काही ‘जरा थांब गं बाई’ म्हणता येत नाही. तिचा नवरा भिवा पालिकेच्या पाणीखात्यात होता, शांत माणूस. तो एकदाच हौसेने तिच्या शेजारी बसला, मुलुंडला उतरला आणि बसने घरी आला. त्यानंतर त्याने बायकोच्या टेम्पोला लांबूनच नमस्कार केला.

बरं, एवढे पैसे आले कुठून? तर बापाकडून. तिचा बाप गुणाजी स्वतःच्या मिठागरावर राबलेला. त्या खाऱ्या खाजण जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन बहिणीकडे आले. आमच्याकडे बहिणी अशा वेळी डोळे पुसत सही करतात आणि दिवाळीला एक साडी घेतात. ठमाबाईने भावांना चहा पाजला, पोहे खिलवले आणि कागदाची होडी करून नातीला खेळायला दिली. तिचा हिस्सा तिला मिळाला. तो तिने बँकेत ठेवला आणि पुन्हा टोपलीपाशी जाऊन बसली, कारण घरात नुसतं बसून तिचे पाय वळायचे.

मग एके दिवशी नात कृतिकाने मोबाईलवर ती गाडी दाखवली. परदेशी, लाल, ठेंगणी, दबा धरून बसलेल्या बोक्यासारखी. शून्यापासून शंभराचा वेग साडेचार सेकंदांत. अख्ख्या देशात फक्त दीडशे येणार होत्या. ठमाबाईने तो व्हिडिओ सतरा वेळा बघितला आणि अठराव्यांदा म्हणाली, “मना ही गारी पायजे.”

पोरगा कमलेश हसला. त्याला वाटलं, उद्या विसरेल. जानेवारीत तीच त्याला घोडबंदर रोडच्या शोरूममध्ये ओढत घेऊन गेली. तिथल्या पोराने पाणी कमलेशला दिलं, माहितीचं पुस्तक कमलेशला दिलं, खुर्चीही कमलेशला दिली. ठमाबाईने एक लाखाचा चेक काढून टेबलावर ठेवला तेव्हा तिलाही खुर्ची मिळाली. तिने पावतीवर गाडीची किंमत लिहून घेतली, पावती कमरेच्या बटव्यात ठेवली आणि सात महिने वाट बघितली. त्या सात महिन्यांत घरातल्या कुणाशीही तिचं दुसऱ्या विषयावर बोलणं झालं नाही.

ऐन श्रावणात, बाजार थंड असताना, फोन आला. गाडी आली होती. ठमाबाई बोटभर गजरा माळून शोरूममध्ये हजर झाली. गाडी मधोमध उभी होती, चकाकत होती. ठमाबाईने बॉनेटवरून हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नात नव्हतं आलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. त्र्यंबक देसले, पंचेचाळिशीचा, गळ्यात टाय, चेहऱ्यावर दातदुखीचा भाव. तो म्हणाला, “मॅडम, एक छोटी अडचण आहे. या गाडीला डिमांड फार आहे. आपल्याला स्पेशल पॅकेज घ्यावं लागेल. पाच लाख.”

“काय काय हाय त्यात?”

त्र्यंबकने यादी वाचली. पायपुसणी चार, काचेवरची फिल्म, सुगंधी डबी, एक छत्री आणि चावीला लावायची कातड्याची पट्टी. वाचता वाचता छत्रीपाशी त्याचाच आवाज बारीक झाला.

“पाच लाखाची छत्री?” ठमाबाई म्हणाली. “पाऊस वरती जातो का काय हिच्यात?”

गाड्यांच्या धंद्यात याला ‘ऑन’ म्हणतात. माल थोडा, गिऱ्हाईक फार, मग छापील भावाच्या वर जे उकळायचं ते ऑन. छत्री आणि पायपुसणी फक्त पावतीची लाज राखायला. आणि खरं सांगायचं तर ठमाबाईला त्याचं काही नवल वाटलं नाही. गटारीच्या आदल्या दिवशी ती स्वतः कोलंबीचा भाव दुप्पट करायची आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायची, “घ्यायची तर घे बाय, नायतर भेंडी खा.” भाव चढवण्यात तिला पाप दिसत नव्हतं. पण बाजाराचा एक नियम असतो. गिऱ्हाईकाने इसार दिला, आपण घेतला, की त्या क्षणापासून तो मासा आपला नाही. मग समुद्रात वादळ येवो नाहीतर दारात मंत्री येवो, भाव हलत नाही. तिने हा नियम चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता आणि टायवाल्यांनी तो मोडावा याचा तिला मनस्वी संताप आला.

अडचण अशी की सोफ्यावर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं होतं. कळव्याचा देवेश, बिल्डरचा मुलगा, हातात कोल्ड कॉफी. तो पाच लाख ऑन द्यायला तयार होता आणि पायावर पाय टाकून फक्त ठमाबाईच्या ‘नाही’ची वाट बघत होता. वर काचेच्या केबिनमधून शोरूमचे शेठ खाली बघत होते. तासाभरात गाडी कुणाची तरी होणार होती.

कमलेश कुजबुजला, “आई, जाऊ दे ना. डिपॉझिट परत घेऊ, सनरूफवाली मोठी गाडी घेऊ.”

“तू गप ऱ्हा.” ठमाबाईने मॅनेजरच्या छातीवरची नावाची पट्टी निरखली. “देसले म्हंजे कुठचं तुमी?”

“मुरबाडचे.”

“म्हशाच्या जत्रेला जाता?”

त्र्यंबकचा चेहरा क्षणभर टायमधून बाहेर आला. “माझे वडील तिथे बैलांचे दलाल होते, मॅडम. तीस वर्षं.”

ठमाबाईला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. म्हसा गावच्या जत्रेतल्या बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, आणि आत कोण कुणाची किती बोटं दाबतं यावर भाव ठरतो. तोंडाने काहीही बोलावं, भोवतीच्या शंभर माणसांना खरा आकडा कळत नाही. तिचा बाप गुणाजी शर्यतीचे बैल तिथूनच आणायचा आणि दहा वर्षांच्या ठमीला खांद्यावर बसवून न्यायचा. बाईमाणसाने रुमालाखाली हात घालायचा नसतो, पण घरी बापाने लेकीला सगळी बोटं शिकवून ठेवली होती.

“हात द्या,” ठमाबाई म्हणाली आणि पदर पुढे धरला.

“मॅडम, इथे...”

“द्या म्हनते ना.”

आणि त्या वातानुकूलित शोरूममध्ये, इटालियन फरशीवर, टाय लावलेल्या मॅनेजरचा हात ठमाबाईच्या हिरव्या पदराखाली गेला. कमलेशने छताकडे बघायला सुरुवात केली. सुगंधी डब्यांची मांडणी करणारी एक मुलगी जागीच थबकली. देवेशच्या नळीतून कॉफी वर चढायची थांबली.

पदराखाली त्र्यंबकने पाचही बोटं धरली. तोंडाने म्हणाला, “पाचच्या खाली शक्यच नाही!” वर केबिनमध्ये शेठनी समाधानाने मान डोलावली.

ठमाबाईने त्याची बोटं झटकली आणि मूठ मिटून दाखवली. मूठ म्हणजे काही नाही. तोंडाने म्हणाली, “पाच? अरे, पाच लाखात माजं लगीन चार वेला झालं असतं!”

त्र्यंबकने तीन बोटं दाबली. “कंपनीची पॉलिसी आहे, मॅडम!”

मूठ.

दोन. “आमच्या हातात काही नाही!” हे तो म्हणत होता आणि त्याच्या हातात सगळं होतं. त्याला आता घाम फुटला होता, पण चेहऱ्यावरची दातदुखी साफ गेली होती. वीस वर्षं तो कॉम्प्युटरवर किमती दाखवत आला होता आणि आज बोटांना बापाची बोली आठवत होती. त्याला हसू आवरेना. ठमाबाईलाही आवरेना. दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि पदर गदगदा हलत होता.

एक.

ठमाबाईने ते एक बोट धरलं आणि सावकाश दुमडलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “त्र्यंबक, तुज्या बापाने इसार घेऊन कदी भाव चढवला होता?”

त्र्यंबकने मूठ मिटली. सौदा झाला. मग तोंड न हलवता पुटपुटला, “शेठ वरून बघतायत. मला कारण पाहिजे. आता जरा आवाज करा.”

असं ठमाबाईला सांगणं म्हणजे धरणाला ‘जरा पाणी सोड’ म्हणण्यातला प्रकार होता. तिने बटव्यातून जानेवारीची पावती काढली, हात उंच केला आणि मासळीबाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा तो आवाज लावला. “या गो बायांनो, या र बाबांनो! बगा ही पावती! हिच्यावर भाव लिवलाय, हिच्यावर सही हाय! आनि आता छत्री गल्यात मारतान! सात म्हयनं माजं लाख रुपय वापरलं, त्याचं व्याज म्हनून मना छत्री!” आपापल्या गाड्या बघायला आलेली चार कुटुंबं गोळा झाली. एका आजोबांनी आपल्यालाही असंच पॅकेज मारल्याचं मोठ्याने सांगितलं. दोघांनी मोबाईल काढून शूटिंग चालू केलं. बाहेरचा वॉचमन आत आला आणि तोही बघत उभा राहिला.

केबिनचं दार उघडलं. शेठ जिन्यावरूनच ओरडले, “देसले, देऊन टाका हो त्यांची गाडी! पावतीच्या भावात द्या आणि मोकळे व्हा!”

“पण साहेब, पॉलिसी...” त्र्यंबक म्हणाला. बेरकी माणूस.

“खड्ड्यात गेली पॉलिसी!”

पुढचा तास-दीड तास सह्यांत गेला. मग चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला आणि ठमाबाई स्टिअरिंगमागे बसली. आसन तिला असं धरून बसलं की तिला गुदगुल्या झाल्या. बटण दाबताच गाडी गुरगुरली, आणि त्रेसष्ट वर्षांची बाई मोठ्याने खिदळली. छत्री त्र्यंबकने तिला फुकट दिली.

गेटपाशी देवेश आडवा आला. काचेवर टकटक केलं. “मावशी, मस्त खेळलात. सलाम. आता सीधी बात. बावन्नच्या वर सात लाख देतो, गाडी मला द्या. पेपर मी बघतो.”

दुसऱ्या बाजूने गाडीत बसायला आलेला कमलेश अर्ध्या दारातच थबकला. “आई! सात लाख! काही न करता!”

इथे ठमाबाईचा घात झाला तो सवयीने. आपल्याकडे माल आहे, समोर आसुसलेलं गिऱ्हाईक आहे, हे दिसलं की तिच्या जिभेवर तिचा ताबा राहत नसे. ती म्हणाली, “सात? येडा हायस का? देशात दीडशे गाऱ्या हान.”

“आठ.”

“जा घरी.”

“नऊ, मावशी. लास्ट.”

“धा,” ठमाबाई म्हणाली.

“डन!” देवेश म्हणाला.

ठमाबाई चपापली. दहा लाख. टोपलीवर कमवायचे तर किती वर्षं, हा हिशेब तिच्या डोक्यात आपसूक सुरू झाला. कमलेश हात जोडून आभाळाकडे बघत होता. देवेशने मोबाईल काढला. “नंबर बोला मावशी, टोकन आत्ता टाकतो.” इसार. एकदा तो आला की गाडी आपली नाही, हे ठमाबाईइतकं कुणाला माहीत होतं?

ती नंबर सांगू लागली. नऊ. आठ. दोन. एकेक आकडा देवेश टाकत होता. तिचा एक हात स्टिअरिंगवरच होता आणि गाडीची थरथर त्या हातातून खांद्यापर्यंत येत होती. तिला वाटलं, हा हात माझ्या ओळखीचा नाही. या हाताने आजवर दुसऱ्याला दिलं, तोललं, बांधलं, वर दोन कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या; स्वतःसाठी कधी काही धरलं नव्हतं. सहा. शून्य. चार. तिला रडूच यायला लागलं. पाच. पाच. एक. नऊ आकडे झाले.

“पुढचा?” देवेश म्हणाला.

ठमाबाई लाल बॉनेटकडे बघत राहिली. कमलेशने शेवटचा आकडा सांगायला तोंड उघडलं, आणि आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की ते तसंच मिटलं.

“नाय र पोरा,” ती म्हणाली. आवाज बाजारातला नव्हता, फार हळू होता. “चालीस वर्सं टोपलीत सगल्यात मोठं पापलेट यायचं, ते मी दुसऱ्याचे पिशवीत टाकलं. घरी न्यायचं ते फुटलेलं, उरलेलं. माज्या पोराला पन तेच घातलं. एक दिस नाय मी बोलले का आज हे मोठं मी नेतंय.” तिने नाक ओढलं, डोळे पदराला पुसले आणि मग एकदम हसली. “आज नेतंय. कमलेश, बस आत, पट्टा लाव.”