वाळवी न लागलेलं पुस्तक

गेली काही वर्षं रविवारी मी घरी जुनी पुस्तकं स्कॅन करतो. आमच्याच भागात छापलेली आणि पुन्हा कधी न निघालेली: उत्सवाच्या पुस्तिका, आरत्या, बोलीतली नाटुकली. त्यांची ई-पुस्तकं करून मागेल त्याला फुकट पाठवतो. लोक त्याबद्दल आदराने बोलतात आणि तो आदर मला आवडत होता, हे आधी सांगून टाकतो.

सुरुवातीला एकेक पान काचेवर पालथं ठेवायचो. मग पानं आपोआप ओढणारा स्कॅनर घेतला. काम भराभर होऊ लागलं, पण त्याला सुटी पानं लागतात. म्हणजे पुस्तकाचा कणा कापावा लागतो. स्वतःची पुस्तकं मी कापत असे. दुसऱ्याचं पुस्तक काचेवरच, असा नियम होता.

शेजारच्या काकींचे यजमान होडीवर जायचे आणि वाडीच्या भजनाचे बुवा होते. ते गेल्यावर यंदाच्या चतुर्थीत त्यांचा मुलगा पहिल्यांदा बुवा म्हणून घरोघरी बसणार होता. सगळ्या कोरसाच्या फोनवर भजनं असावीत म्हणून काकींनी बुवांचं छापील पुस्तक माझ्याकडे दिलं. समासांत बुवांनी पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं होतं. चाल कुठे बदलायची, पखवाज कुठे थांबवायचा, कुणाच्या घरी काय म्हणायचं. मी ते वाचलं होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही.

त्या रविवारी मला कंटाळा आला. पुन्हा बांधून देऊ म्हणत पट्टी लावली आणि कटर फिरवला. हात सरकला, पुष्कळ पानांवर ओळींची अक्षरं कापली गेली. उरलेला मजकूर नीट दिसावा म्हणून स्कॅनर काळ्या-पांढऱ्यावर ठेवला. पिवळे डाग गेले, पानं करकरीत आली. कापलेली अक्षरं मी टाइप करून बसवली. समासांकडे बघितलं नाही.

आता ती पानं बांधून दिली असती तर माझं काम कुणालाही दिसलं असतं. आमच्याकडे देवाचा कागद कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. ओहोटी बघून मी सगळी पानं खाडीत सोडली आणि वर हात जोडले. त्या हात जोडण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"पुस्तक खंय?" काकींनी दारातच विचारलं.

"वाळवी लागली हुती, काकी. उघडल्यार भुगो झालो. स्कॅन मात्र सगळा झाला. उरलेला खाडयेत सोडलंय."

"वाळवी? माझ्या घरात मुंगी येता ती पण माका इचारून येता!"

"जुनो कागद, काकी."

 शिकलेल्या माणसाने सांगितलं म्हणून काकींनी ते मानलं.

तीन दिवसांनी काकींच्या मुलाचा बंदरावरून फोन आला. "दादा, फाईल बरी झाली. पण बाबांचा पेन्सिलीचा खंय गेला? मी मोठा करून करून बघतंय."

मी फाईल उघडली. समास पांढरेफटक होते; पिवळ्या डागांबरोबर पेन्सिलही गेली होती. रंगीत प्रत मी काढलीच नव्हती.

तसाच काकींकडे गेलो. त्या घरापुढच्या खळ्यात राख झाडत होत्या.

"काय जाळलंस, काकी?"

"ह्येंची लाकडाची पेटी. तू वाळवी म्हणालंस ना. घराक लागली असती म्हणजे? आत भजनाचे कागद होते, ते पण तसेच गेले."

मी खळ्यातच बसलो आणि सगळं सांगितलं. त्या झाडू हातात धरून ऐकत होत्या.

"कापलंस?"

"होय."

"पुस्तक काय बांगडो होतो?" त्यांनी राखेकडे बघितलं. "वाळवी नाय हुती, तर मी पेटी कित्याक जाळलंय?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"माका नको सांगू. झिलाक सांग. येयत इतक्यात. बस थंयच."

मुलगा आला तो भिजलेल्या पायांनी. काकी दारात उभ्या राहिल्या, पण माझ्या वतीने एक शब्द बोलल्या नाहीत. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "खाडयेपलीकडच्या घरात एक अभंग म्हणूचो नाय, असा बाबांनी लिवलेला. त्यांचो झील गेलो तेव्हापासून. खयचो तो?"

मी ते वाचलं होतं. घर आठवत होतं. अभंग आठवेना. मी डोळे मिटून ते पान आणायचा प्रयत्न केला, तर करकरीत पांढरं पानच समोर आलं.

चतुर्थीत खाडीपलीकडच्या त्या घरी त्याने एकही अभंग न घेता नुसती आरती म्हटली आणि उठला.

"बुवा मांडी मोडीपर्यंत बसायचे," घरचे म्हातारे म्हणाले. "झिलाक आमचा घर जड झाला काय रे?"

मुलगा खाली बघून चपला शोधू लागला. मीही कोरसात होतो, मागे टाळ घेऊन उभा. तिथे तोंड उघडायला हवं होतं. मी टाळ पिशवीत भरले आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.