फॉइलचं चिलखत

टर्कीवर फॉइल ओढलं की त्या चुरचुर आवाजानं मी पुन्हा फॉइलचं चिलखत घातलेला सरदार होतो. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या चर्च हॉलमध्ये मराठी मंडळाचं नाटक होतं. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या वेशात लपलेली, जहागीर गमावलेली नायिका होती मीरा. मी तिची टोपी काढायची, केस मोकळे सुटायचे, मग मी मागणी घालायची.

टोपीला हात लावताच मीरा पुटपुटली, "अरे, काढू नकोस! समोर केंब्रिजचं स्थळ बसलंय. बाबांनी मला दाखवायला बोलावलंय."

मी फॉइल फाटेपर्यंत गुडघे टेकले आणि चक्क मोतद्दारालाच मागणी घातली. हॉल हसून लोळला. स्थळ चहालाही थांबलं नाही.

मला वाटलं, तिनं स्थळ टाळलं ते माझ्यासाठीच. महिन्याभरात मीरा एडिनबरोच्या हॉस्पिटलात नोकरीला गेली. टोपी तिला ना त्या स्थळासमोर काढायची होती, ना माझ्यासमोर.