ठाकुर्लीला वीस आकडे

साटम आजींच्या दारात पोर आलं की त्या आधी त्याच्या तळपायाला हात लावायच्या. कपाळाला नाही, तळपायाला! पाय गार लागला की आत हाक जायची, "एक गारठलेलो इलो रे, पळवा तेका!" आणि आतली पोरं त्याला हाताला धरून खेचून न्यायची.

डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत त्यांचं पाळणाघर होतं. डोंबिवलीची थंडी ती काय, जेमतेम पंधरा-वीस दिवसांची. पण त्या दिवसांत कंपन्यांचा धूर सकाळी खालीच बसून राहतो, आणि माझ्या सईला बाळदमा. डॉक्टरांनी तिचं बाहेर खेळणं बंद केलं. मी ठाण्याला नोकरीला, म्हणून मीच आजींना सुचवलं की हिला आपलं टीव्हीसमोर बसवून ठेवा.

त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गो बाय, थंडी बसणाऱ्याक लागता, हलणाऱ्याक नाय. बसवून ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे?"

टीव्हीवर त्यांनी जो टॉवेल टाकला, तो थंडी सरेपर्यंत काढला नाही. जुन्या गोधडीवर एकाला बसवून बाकीच्यांनी फरशीवरून ओढायचं. मटार सोलताना आजी मुद्दाम चार दाणे पलंगाखाली सोडायच्या, ते पोरांनी रांगत जाऊन शोधायचे. फरशीवर खडूने ठाण्यापासून कल्याणपर्यंतची स्टेशनं आखलेली, त्यावरून उड्या मारत जायचं. कुणी भोकाड पसरलं तर म्हणायच्या, "रड, पण उभ्याने रड. बसून रडलास तर थंडी जिंकली." रडणारं पोरच हसायला लागायचं.

एका जानेवारीत अचानक गारठा पडला. सकाळच्या घाईत मी कपाटाच्या तळातून सईचा स्वेटर ओढला आणि तसाच तिच्या अंगात चढवला. दुपारच्या आत आजींचा फोन, "सईक धाप लागली. पंप दिलाय, डॉक्टरांकडे घेऊन चाललंय. तू ये." ऑफिसातून निघता निघता मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, "दम्याच्या पोरीला उड्या मारायला लावतात. आपापली मुलं सांभाळा." उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझी सवयच ती.

दवाखान्यात आजी सईला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्वेटर काढून त्यांनी हातात धरला होता आणि त्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी बोलू दिलं तर ना! चार लोकांसमोर म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर बंद करा हे धंदे." त्यांनी सईला माझ्या कडेवर दिलं, स्वेटर बाकावर ठेवला आणि निघून गेल्या. मग डॉक्टरांनी तो स्वेटर नाकाशी नेला. "डांबरगोळ्यांतून काढून तसाच घातलात? अहो, एक दिवस ऊन तरी दाखवायचं."

संध्याकाळी सई म्हणाली, "आई, उड्यांनी मी दमत नाही गं. ठाकुर्ली आली की सगळ्यांनी थांबून वीस आकडे मोजायचे, आजीचा नियमच आहे." सगळ्यांनी! माझ्या लेकीचा श्वास जुळावा म्हणून दहा पोरं थांबत होती, आणि तिला ते कळूही दिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ग्रुपवर "माझी चूक झाली" एवढंच लिहायचं होतं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. लोक काय म्हणतील! उद्या खाली जाऊन समोरासमोर बोलू, म्हटलं. तोवर आठवड्यात दहाची चार पोरं झाली, मग एकही उरलं नाही. आजी दुपारी उघड्या दारात एकट्या बसायच्या. एकदा जिन्यात समोर आल्या आणि माझ्या आधी त्याच बोलल्या, "सईचो श्वास बरो हा ना गो?" राग नाही, टोमणा नाही. मी "बराय" म्हणाले आणि घाई असल्यासारखी खाली उतरले. घाई कसली डोंबलाची, रविवार होता.

होळीच्या आधी त्या मुलाकडे कळव्याला गेल्या. "पोरांशिवाय ही खोली खायला उठता," असं शेजारणीला म्हणाल्या म्हणे. दोन महिन्यांत त्या गेल्याची बातमी आली, त्याच ग्रुपवर. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

परवा सईने विचारलं. आता ती दहा वर्षांची आहे, तिला सगळं समजतं.

"आई, तू आजीला सॉरी म्हणालेलीस ना?"

"हो," मी म्हटलं.

तिचा चेहरा एवढा खुलला! हातातलं पुस्तक टाकून ती माझ्याजवळ आली.

"मग आजी काय म्हणाली?"