फळ्यावरचे चन्नाप्पा

माझे सासरे पहिल्यांदा वारले तेव्हा ते माझे सासरे झालेले नव्हते.

साल दोन हजारच्या आसपासचं असेल. माझ्या बेंगळुरूच्या मावसभावाने परदेशातून येताना एक खोकं आणलं. त्यात बोटाएवढे योद्धे, राक्षस, बुटके, पंखवाले, मूठभर फासे आणि उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक होतं. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, टेपने अंतर मोजून ती पुढे सरकवायची आणि फासे टाकून एकमेकांना मारायचं, असा तो खेळ. मावसभावाच्या बायकोने खोकं घरात ठेवू दिलं नाही, म्हणून ते कोल्हापूरला माझ्याकडे आलं. मग आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर दर रविवारी युद्ध पेटू लागलं. (खाली तांबड्या मातीत पैलवान खरे लढत. वर मी आणि माझा मित्र बंडा, दोघं बापये, टेप धरून लढायचो. ते आमच्याकडे कसे बघायचे ते विचारू नका.)

अडचण एकच होती, नावांची. पुस्तकात प्रत्येक सरदाराला नाव होतं आणि ते घेताना घशात शेंगेचं टरफल अडकल्यासारखं व्हायचं. एका राक्षसाचं नाव मी वहीत 'क्रागथन्यूर' लिहिलं, बंडाने 'खरगटनूर' लिहिलं, आणि हा एक राक्षस की दोन यावरून आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. शेवटी बंडाने तोडगा काढला. ज्याचं तोंड ज्याच्यासारखं दिसेल त्याचं नाव त्याला द्यायचं. झालं! लंगडा बुटका आमचा पोस्टमन झाला. बर्फाची राणी दवाखान्यातली नर्सबाई झाली. तीन तोंडांच्या अजगराला बंडाने आपल्या तिन्ही आत्यांची नावं दिली, कारण एक बोलायला लागली की उरलेल्या दोघीही बोलतात.

खरगटनूर तेवढा बिननावाचा राहिला. रुंद खांदे, मोठ्या मिशा, आणि नजर अशी की समोरच्याने न केलेला गुन्हाही कबूल करावा.

त्याच सुमारास मला गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलीचे वडील चन्नाप्पा मगदूम गुळाचे व्यापारी. सारा गाव त्यांना अण्णा म्हणायचा. मुलगी सुवर्णा पोह्यांची बशी ठेवताना एकदाच माझ्याकडे बघून हसली आणि माझा निकाल लागला. अण्णा मात्र तासभर काही न बोलता माझ्याकडे बघत बसले. निघताना म्हणाले, "कळवतो." त्या रविवारी मी माडीवर गेलो, राक्षस हातात घेतला आणि म्हणालो, "बंडा, नाव सापडलं."

पुढचे तीन आठवडे गडहिंग्लजहून निरोप नव्हता, पण टेबलावर चन्नाप्पा मगदूम अजिंक्य होते. त्यांनी नर्सबाईला लोळवलं, पोस्टमनला तुडवलं. मला माज चढला. चौथ्या रविवारी मी त्यांना एकट्यालाच पुढे घातलं आणि त्यांच्या गुडघ्याएवढ्या असलेल्या बंडाच्या सात भुतांनी त्यांना घेरून मारलं. मला खरंच वाईट वाटलं.

बंडाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तालमीचा चौकातला फळा त्याच्याकडे असायचा. वाढदिवस, निवडी, मयत, सगळं तोच लिहायचा. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "एवढा मोठा माणूस गेला, फळ्यावर आलं पायजे." मला गंमत वाटली. इतकी वाटली की मजकूर मीच सांगितला. "कै. चन्नाप्पा मगदूम, गडहिंग्लज, यांचे आकस्मिक निधन. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली बंडाने सवयीने 'रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता' हेही लिहून टाकलं. सकाळी पुसू, असं ठरलं. सकाळी मी इचलकरंजीला नोकरीवर निघून गेलो. बंडा फडकं घेऊन आला तर तालमीच्या वस्तादांनी त्याला हाकललं, कारण आमच्याकडे मयताचा फळा रक्षाविसर्जन होईपर्यंत कुणी पुसत नाही.

अकरा वाजता ऑफिसात आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील. म्हणाले, "चन्नाप्पा मगदूम गेले. असशील तसा ये."

फळा बंडाने कधीच पुसला असणार, म्हणून त्याची मला आठवणही झाली नाही. सुवर्णाचं ते एकदाच हसणं डोळ्यांपुढे आलं. राक्षसाला त्यांचं नाव दिलं आणि कालच तो मेला, म्हणजे मीच मारलं की काय, असलंही काहीतरी मनात येऊन गेलं. एसटीत मी खरंच रडलो. शेजारच्या पावण्यांनी मला तंबाखू देऊ केली.

घरी जीप तयार होती. आई डोळ्यांना पदर लावून पुढे बसली होती. कागल मागे पडल्यावर मी आबांना विचारलं की निरोप कुणी आणला.

"निरोप कशाला? तालमीच्या फळ्यावर हाय की," आबा म्हणाले. "बंडाचं कौतुक वाटलं. तुझा होणारा सासरा म्हणून त्यानं आठवणीनं लिवलं."

फोन करून खात्री का नाही केली, असं मी चाचरत विचारलं. आबा भडकलेच. मयताच्या घरी फोन लावून 'खरंच गेले का' म्हणून विचारायचं असतं का, म्हणाले.

खरं सांगायला माझ्याकडे पुरता दीड तास होता. निपाणीला तोंड उघडलं, तर आई म्हणाली की असा माणूस लाखात एक, पैशाचा तोरा म्हणून नव्हता. संकेश्वरला उघडलं, तर आबांनी रुमाल काढला. आबा सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "कमी बोलायचा, पण बोलला की शब्द पाळणारा हुता." मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, हे लग्न तर गेलंच, आता निदान मार तरी घरी गेल्यावर खाऊ.

जीप दारात थांबली. आईने वाटभर साठवलेला हंबरडा उतरता उतरताच फोडला. तो ऐकून आतल्या बायका धावत आल्या आणि कोण गेलं हे न विचारताच आईच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. त्यांच्या मागून, खांद्यावर टॉवेल, हातात चुन्याची डबी, असे चन्नाप्पा मगदूम बाहेर आले.

त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झालं पावणं. कोण गेलं?"

आबांनी हात जोडले. ओठ हलले, पण 'तुम्ही' हा शब्द काही बाहेर पडेना. अण्णांना वाटलं, माणूस दुःखाने खचलाय. त्यांनी आबांना सोप्यावर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा, कोण गेलं?"

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही."

मग मी सगळं सांगितलं. खोकं, राक्षस, नाव, भुतं, फळा. रडणं एकेक करून थांबत गेलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. अण्णा मात्र माझ्याकडेच बघत होते, आणि तीच ती नजर. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी फळ्यावरचा मजकूर शब्दन्‌शब्द म्हणून दाखवायला लावला. मी म्हणून दाखवला.

"रक्षाविसर्जन?" अण्णा आबांना म्हणाले. "अहो, आपण लिंगायत. आपल्यात माती देत्यात. जाळलंच न्हाई तर रक्षा कुठली? ते वाचून तरी शंका यायला नको व्हय?"

"दुःखात ध्यानात आलं न्हाई," आबा पुटपुटले.

आतल्या दाराआड कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णांनी तिकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. त्यांनी विचारलं, "मेलो तवा मी कुणाच्या बाजूनं लढत हुतो?" मी म्हणालो, माझ्या. विचारलं, किती जणांनी मारलं. म्हणालो, सात. "आणि तुम्ही मला एकट्याला सोडलं," हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मी मान खाली घातली. एवढ्या मोठ्या माणसाला ज्याला टेबलावर सांभाळता आलं नाही, त्याच्या घरी पोरगी कोण देईल? मीसुद्धा दिली नसती.

तेवढ्यात आई उठली. डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, पोराचं चुकलं. पण तुम्ही हाईसा, देवानं आमचं ऐकलं. आता निघतो आम्ही."

अण्णांनी डबी बंद केली.

"बसा," ते म्हणाले. "फळा वाचला आन् तसंच जीप करून आलासा. माझा सख्खा भाऊ एवढ्या लवकर येईल का न्हाई, मला सांगता यायचं न्हाई. मेल्यावर कोण रडतंय ते बघायला मिळत न्हाई कुणाला. मला मिळालं." मग आत तोंड करून म्हणाले, "सुवर्णा, च्या टाक. गूळ जास्त घाल." आणि मला म्हणाले, "पोरगी देतो. पण परत मला मारायचं न्हाई."

तेव्हापासून मी ही अट पाळतोय. चन्नाप्पांना सगळ्यांच्या मागे उभं करतो, पुढे दोन रांगांचा पहारा ठेवतो, आणि एवढं सैन्य एका माणसाभोवती गुंतल्यामुळे लग्नानंतर आजवर एकही लढाई जिंकलेलो नाही. बंडा याला कौटुंबिक डावपेच म्हणतो. दर रविवारी संध्याकाळी गडहिंग्लजहून फोन येतो. "हाय न्हवं मी?" मी म्हणतो, हायसा. "बरं," म्हणून अण्णा फोन ठेवतात.

परवा मात्र त्यांनी ठेवला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं की त्या खेळात जावयाच्या नावाचा सरदार कुठला. मी म्हणालो की आपण सेनापती, आपलं कसलं नाव ठेवायचं. सुवर्णाने माझ्या हातातून फोन घेतला.

"हाय की, अण्णा," ती म्हणाली. "लग्न झालं त्याच आठवड्यात ठेवलंय मी. सामानाच्या गाडीला एक खेचर हाय."

पलीकडून अण्णा बराच वेळ हसत होते. मी पुस्तक काढून नियम पाहिला. खेचराला हल्ला करता येत नाही, पळून जाता येत नाही, आणि लढाई कुणीही जिंकली तरी ते बायकोकडच्या सैन्याचंच सामान वाहतं. (शेवटचा नियम पुस्तकात नाही. तो मी अनुभवाने लिहिलाय.)