तळघरात गायलेली ओवी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व कुठला आणि दीर्घ कुठला, हे मी अजून अंदाजानंच ठरवते. अक्षरही वाकडं, ओळ वर सुरू होते आणि खाली घसरत जाते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. नात मोठी झाल्यावर मराठी वाचायला शिकलीच, तर वाचेल. तिनं चुकांना खुशाल हसावं, फक्त रागावू नये.

मुलगा जर्मनीत, डार्मश्टाटला सॉफ्टवेअरमध्ये. सूनही नोकरी करायची. नात दोन वर्षांची होती, तिला सांभाळायला मला बोलावलं. हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, गावी माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. आले.

घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीच्या तळघरात वाशक्यूखे, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची कपडे धुण्याची खोली. प्रत्येक घराची पाळी ठरलेली, आमची गुरुवारी. नात दुपारची किंडरगार्टनला जायला लागल्यावर गुरुवारची दुपार माझी एकटीची झाली. मशीन जुनं होतं. ड्रम फिरायला लागला की घरघर घरघर असा आवाज करायचं, अगदी दळताना जातं करतं तसा. पहिल्याच गुरुवारी तो आवाज ऐकला आणि माझ्या तोंडातून ओवी बाहेर पडली. लग्न झाल्यावर वर्षभरात आमच्याकडे गिरणी आली, तेव्हापासून मी ओवी म्हटली नव्हती. पुरुषमाणसासमोर तर कधीच नाही.

तिथं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मनातलं जोडत गेले.

लेकाच्या गं घरी, मी पाहुणी उंबऱ्याची
वाट बघते बाई, त्याच्या एका शब्दाची

मुलगा वाईट नव्हता. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, जेवताना फोनकडे बघायचा. "आई, मीठ दे." "आई, उद्या डबा नको." याच्यापुढे बोलणं जायचं नाही. मी काही विचारलं की म्हणायचा, "तुला नाही कळायचं ते." खरंच होतं, मला कळलं नसतं. पण सांगायला काय हरकत होती?

भिंतीपलीकडच्या खोलीत तळमजल्यावरचा माणूस बसायचा. चाळिशीचा, डोक्यावर कायम टोपी, पाठीवर लिहिलेला ढगळ शर्ट. त्याचे वडील कारखान्यात कामाला म्हणून तुर्कस्तानातून आलेले. तो दिवसा पार्सलची गाडी चालवायचा आणि परत आला की त्या खोलीत गाणी बनवायचा. एका गुरुवारी तो दारात उभा राहिला. मी पदर तोंडावर ओढला आणि गप्प झाले. त्यानं दोन्ही हात जोडले, जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. मला एवढंच समजलं की मी चालू ठेवावं. मी मान हलवून नाही म्हटलं. तो गेला.

पुढच्या गुरुवारी येताना चहा घेऊन आला. "चाय," म्हणाला. मी म्हटलं, "चहा." तो हसला. बाहेरच्या वाऱ्याकडे बोट करून म्हणाला, "हावा." मी म्हटलं, "हवा." असं करत आमची बोली तयार झाली. दुन्या, दुनिया. शेकेर, साखर. दुश्मान, दुश्मन. मला तो टांटे म्हणायचा, म्हणजे मावशी. घरात दिवसभरात माझ्याशी जेवढं बोलणं व्हायचं, त्याहून जास्त त्या चार शब्दांत व्हायचं.

त्यानं आपली खोली दाखवली. भिंतीभर रेकॉर्डी आणि फोटो. एका फोटोत तो पोरगेला, डोक्यावर उभा, पाय वर. अमेरिकन सैनिकांच्या छावणीशेजारी त्याचं बालपण गेलं, त्यांच्याकडून हा नाच आणि हे बोलत गाणं तो शिकला. दुसऱ्या फोटोत तो स्टेजवर, हातात माइक, खाली पोरांची गर्दी. त्याच्या शेजारी आणखी एक जण होता, त्याच्या चेहऱ्यावर पेनानं फुली मारलेली. मी फुलीकडे बोट केलं. तो म्हणाला, "दुश्मान." मग जरा थांबून, "कार्देश." कार्देश म्हणजे भाऊ, हे मला सुनेनं पुढे विचारून सांगितलं.

एकदा त्यानं माइक आणला. मी उठून जायला लागले, तर त्यानं तो माइक वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये दोरीला लटकवला, चिमट्यानं पक्का केला, आणि स्वतः बाहेर जाऊन दार लावून घेतलं. चादरीआड माझी मीच. मशीन फिरत होतं. मी म्हटली ओवी. तीच म्हटली, आणि तिच्यापुढची:

सकाळी जातो बाई, सांजच्याला येतो
दाराशी जोडे काढी, डोळे वर ना करतो

मला वाटलं, त्याला आवाज आवडलाय, स्वतःपुरता ठेवील.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी तो आमच्या दारात आला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मुलगा दारात उभा राहून त्याच्याशी बराच वेळ बोलला. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, एवढं ऐकू आलं. त्यानं कानाला लावायचं यंत्र मुलाला दिलं, मुलानं ते लावलं आणि भिंतीकडे बघत ऐकलं. मग हात मिळवले, दार लागलं.

"काय म्हणत होता रे?"

"काही नाही. वाशक्यूखेच्या पाळीचं काहीतरी."

मी भाकरी उलटली.

मुलानं त्यानंतर बरेच दिवस मीठही मागितलं नाही. स्वतः उठून घ्यायचा. मला वाटलं, कामाचा ताण असेल.

दिवाळीला तिथली मराठी माणसं एक हॉल भाड्यानं घेतात. बायका चकल्या-करंज्या करून आणतात, पोरं नाटुकलं करतात. त्या वर्षी हायडेलबर्गला संशोधन करणारा एक मुलगा आला होता, मोठा बडबड्या. जेवणं झाल्यावर तो माइकवर म्हणाला, "काका, काकू, मावश्या, सगळे ऐका! ताटं बाजूला ठेवा! जर्मन रॅपमध्ये मराठी सापडलंय. जुना गडी आहे, मध्ये गायब झाला होता, या गाण्यानं परत आलाय. आमच्या हॉस्टेलात सगळी पोरं म्हणतायत."

आणि त्यानं सीडी लावली.

आधी घरघर ऐकू आली. मला वाटलं, कुठेतरी मशीन चालू आहे. मग त्या घरघरीवर ठेका, आणि मग मी. मीच. "एका शब्दाची, शब्दाची, दाची, दाची." मध्ये तळमजल्यावरचा माणूस भराभर जर्मनमध्ये बोलत होता, परत मी.

हॉलमध्ये आधी हशा झाला. मग जसजसे शब्द लागायला लागले तसा हशा कमी झाला. माझ्या शेजारच्या बाई, पुण्याच्या, दोन मुलांच्या आई, म्हणाल्या, "अगं बाई, हे तर सासूबाईंचं गाऱ्हाणं आहे!" दुसरी म्हणाली, "कोण आहे हो बिचारी? आणि लेक तरी कसला म्हणायचा?" कुणीतरी म्हणालं, "आपल्यातलीच असेल कुणाची तरी आई." सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मी मुलाकडे बघितलं. तो हातातल्या ताटाकडे बघत होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. त्या दिवशी दारात कानाला लावून त्यानं हेच ऐकलं होतं, हे मला तिथंच कळलं.

सुनेनं माझा आवाज ओळखला होता, पण तिला बाकी काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "माझ्याबरोबर खाली चल. त्याला विचार, माझी चोरी का केलीस."

सून माझी धीट. तिनं दारातच त्याला झाडायला सुरुवात केली. तो आधी गोंधळला, मग त्याचं तोंड उतरलं. तो बोलत गेला, ती मला सांगत गेली.

"आई, हे म्हणतायत, यांनी विचारलं होतं. आपल्याकडे येऊन. तुमची परवानगी आहे असं यांना सांगितलं गेलं."

"कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनी आपल्या घरी पैसेही दिलेत. तुमचे म्हणून."

तो माझ्यापुढे खाली बसला, छातीला हात लावून म्हणाला, "हेसाप, टांटे. हाक." हे सुनेला सांगावं लागलं नाही. हिशोब. हक्क.

मग त्यानं फुली मारलेल्या फोटोची हकिगत सांगितली. तो आणि त्याचा तो दोस्त एकत्र गायचे. गाणी हा बनवायचा, ठेके हा बनवायचा. कंपनीचा कागद सही करायला आला तेव्हा हा एकोणीस वर्षांचा, वाचलाच नाही. दोस्तानं सगळी गाणी आपल्या नावावर लावून घेतली होती. टीव्हीवर दिसले, गाड्या भरभरून पोरं यायची, आणि याच्या हातात काही नाही. पुढे नवी पोरं आली, गळ्यात साखळ्या घालून बंदुकीच्या गोष्टी सांगणारी. याला कुणी विचारेना. मोबाइलच्या घंटीची गाणी बनवून दिवस काढले. तेव्हा त्यानं ठरवलं होतं की कुणाच्या आवाजाचा तुकडा कापून आपल्या गाण्यात लावला, तर त्या माणसाचा हिशोब आधी चुकता करायचा.

"आणि शब्द?" मी सुनेला म्हटलं. "शब्दांचा अर्थ त्याला माहीत आहे का, विचार."

"हो म्हणतात. अंगाई आहे असं सांगितलं त्यांना. आई बाळाला झोपवते आहे."

"आता खरं सांग त्याला."

सुनेनं सांगितलं. त्यानं टोपी काढली. मी त्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं, पार टक्कल होतं. टोपी हातात फिरवत तो म्हणाला की मी सांगत असेन तर तो गाणं मागे घेईल, जिथं जिथं म्हणता येईल तिथं थांबवील.

मला त्याचे फोटो दिसत होते. इतक्या वर्षांनी त्याला कुणीतरी बोलावत होतं. मी म्हटलं, "राहू दे. फक्त अंगाई म्हणू नकोस." तो तसं वागला. पुढे कार्यक्रमात त्या गाण्याआधी तो टोपी काढून खरा अर्थ सांगायचा, असं हायडेलबर्गच्या त्या मुलानं सुनेला सांगितलं. ते गाणं मोबाइलच्या घंटीसाठीही विकलं जायचं, आणि आम्ही त्या इमारतीत होतो तोवर त्याचे पैसे आले की तो गुरुवारी येऊन मशीनवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हेसाप." वर्षभर त्याचं गाणं चाललं, मग परत थंड झालं. पार्सलची गाडी त्यानं सोडली नव्हतीच.

संध्याकाळी मुलगा घरी आला. त्यानं कोट काढायच्या आधीच सुनेनं विचारलं, "अहो, आईंचे पैसे कुठे आहेत?"

"घरातच आहेत ना. नव्या घराच्या काउत्सिओनला घातले." काउत्सिओन म्हणजे घरमालकाकडे ठेवायची अनामत, आम्ही दुसरं घर भाड्यानं घेत होतो. "घर काय माझ्या एकट्याचं आहे? आई राहणारच आहे ना तिथं."

"विचारायचं नाही?"

"अगं, आईला काय करायचेत युरो? भाजी तरी घेते का ती?"

मी म्हटलं, "पैशाचं राहू दे. तू ते कानाला लावून ऐकलंस ना, त्या दिवशी दारात?"

त्यानं कोट खुंटीला अडकवला.

"ऐकलंस ना?"

"आई, त्यांना काय कळतंय मराठी? म्हटलं, कुणाला कळणार आहे."

"तुला कळलं ना?"

तो बूट काढायला लागला. आजही मला ते आठवतं, एक बूट काढून तो हातात धरून उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. मी ओवीत जे मागितलं होतं ते याला माहीत आहे, गाण्यात ऐकलंय, भरल्या हॉलमध्ये ऐकलंय. काहीही बोलला असता तरी चाललं असतं. रागानं बोलला असता तरी. आई, तू असं का म्हटलंस, एवढं विचारलं असतं तरी.

"मी पैसे परत करतो," तो म्हणाला आणि आत गेला.

ऐकूनही न ऐकल्यासारखं त्यानं केलं, याचं मला जास्त लागलं. दुसऱ्याला विकताना तर त्यानं ती अंगाई करून विकली. मी त्याला लहानपणी ज्या अंगाया म्हटल्या, त्यातली एक तरी आठवत असती तर त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नसता.

आम्ही नव्या घरात गेलो. तिथं मशीन घरातच होतं, नवीन, आवाज न करणारं. मी त्याच्यापाशी गायले नाही. नातीशी मराठीत बोललं की ती कळल्यासारखी मान हलवायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तरी उत्तर द्यायची.

पगार झाला की मुलगा माझ्या चहाच्या डब्याखाली पाकीट ठेवायचा. एकदाही चुकवलं नाही. सून म्हणायची, "बघा, वाईट वाटतंय त्यांना." असेल. मी पाकीट उचलून ट्रंकेत टाकायचे, दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही.

मी गावी परत जायच्या आधीच्या आठवड्यात त्यानं शेवटचं पाकीट डब्याखाली ठेवलं नाही. माझ्या खोलीत आला. खाटेच्या कडेला बसला. बऱ्याच वर्षांनी असा बसला होता. मी पायाशी घडी घालत होते ती साडी तशीच ठेवली आणि वाट बघितली.

त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं.

"आई, हे शेवटचं. सगळे फिटले. मोजून घे."

मी त्याच्या समोर मोजले. बरोबर होते.