साखरपुड्यातलं एक मिनिट

रहिमतपूरला आमच्या शेजारचा हा पोरगा पुण्यात ध्वनिमुद्रणात एम.ए. करतो. कुठल्याही खोलीत शिरला की आधी एक टाळी वाजवून घुमारा ऐकतो, मग नमस्कार. त्याचे फौजी वडील मात्र लोकांना ‘कंप्युटर शिकतोय’ असंच सांगायचे.

बहिणीच्या साखरपुड्यात त्यानं माईक लावला. आधी हॉलची नुसती शांतता टिपायची, हा ध्वनिमुद्रणवाल्यांचा नियम. म्हणाला, “सगळ्यांनी एक मिनिट शांत राहा.”

पाहुणे माना खाली घालून उभे राहिले. नवरदेवाच्या मामांनी टोपी काढली आणि वडिलांना हळूच विचारलं, “कोण गेलं वो?”

“कोण न्हाई. गप ऱ्हावा. आमचं पोरगं आवाज शिकतंय.”

रेकॉर्डिंग वाया गेलं. त्यानं ते अजून पुसलेलं नाही.