मोज्यांचा दुसरा जोड

आमच्या मोशीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशी दवाखान्यात रात्रपाळीला आया आहेत. संध्याकाळी दारात बसून त्या पिशवी भरतात. शाल, गरम पाण्याची बाटली, भाकरी-ठेचा आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड.

"मावशी, पाय दोनच ना तुम्हाला?" मी चिडवायची.

"व्हय. पन लागत्यात."

परवा चाकणच्या कंपनीत नवऱ्याचा हात मशीनमध्ये सापडला. ऑपरेशन होईपर्यंत मी मावशींच्याच दवाखान्यात बाहेर बाकावर बसले होते. मावशी आल्या, खाली बसल्या आणि माझ्या पायांत मोजे चढवू लागल्या. तेव्हा कळलं, मी घरातून अनवाणीच निघाले होते.

हात वाचला, दोन बोटं गेली. मोजे धुऊन परत दिले, तर मावशींनी ते लगेच पिशवीत टाकले.

"रोज एकजण तरी तशीच येती," त्या म्हणाल्या.